एकाच इंग्रजी वाक्यात अनेक पदबंध : सरावसंच तयार करतानाच्या नोंदी

५ जानेवारी

ज्यांचे शिक्षण मराठीतून झाले आणि ज्यांना आता कामासाठी इंग्रजीत सूचना, अहवाल व पत्रे लिहावी लागतात, अशा प्रौढांसाठी एक सरावसंच तयार करण्याचे काम हाती घेतले आहे. या मंडळींना सुटे वाक्य अडत नाही. 'द बॉटल इज ऑन द टेबल' हे वाक्य ते विचार न करता बरोबर लिहितात. अडचण सुरू होते ती 'ऑन द टेबल', 'इन द रूम', 'विथ द ब्लू लिड', 'आफ्टर लंच' असे तीन-चार तुकडे एकाच वाक्यात एकापाठोपाठ आणावे लागतात तेव्हा. प्रिपोझिशन आणि त्याच्या मागून येणारे नाम मिळून होणाऱ्या या तुकड्याला मी या नोंदींत नुसते 'पदबंध' म्हणेन. असाच संच दुसऱ्या कोणाला करायचा असेल तर कोणत्या वाटेने वेळ वाया जातो हे आधीच कळावे, एवढ्यासाठी या नोंदी ठेवत आहे.

संचाचा पहिला मसुदा म्हणजे प्रिपोझिशनांची यादी आणि समोर मराठी अर्थ असा होता: इन म्हणजे आत, ऑन म्हणजे वर, अंडर म्हणजे खाली. यादीच्या प्रती काही शिकणाऱ्यांना दिल्या आणि मग वाक्ये लिहून घेतली. एकाने लिहिले, 'आय केप्ट इन द रूम ऑन द टेबल द नोटबुक.' यातले प्रत्येक प्रिपोझिशन बरोबर आहे, चुकली आहे ती मांडणी, आणि ती मराठी वाक्याची मांडणी आहे. बाकीच्या कागदांवरही कमी-अधिक हेच दिसले. शब्दांचे अर्थ त्यांना आधीपासूनच ठाऊक होते, त्यामुळे यादीने त्यांना नवे काही दिले नाही. छापलेल्या प्रती बाजूला ठेवल्या आणि यादी संचातून काढून टाकली.

९ जानेवारी

आता मांडणीपासून सुरुवात केली. केवळ नामाभोवती जमणारी पदबंधांची साखळी घेतली, क्रियापद मुद्दाम दूर ठेवले. मराठीत असे लिहिले: 'वरच्या मजल्यावरच्या खोलीतल्या कपाटाच्या खालच्या कप्प्यातली वही'. इंग्रजीत हेच 'द नोटबुक ऑन द बॉटम शेल्फ ऑफ द कबर्ड इन द रूम ऑन द अपर फ्लोअर' असे होते. दोन्ही ओळी एकाखाली एक लिहून नामांना क्रमांक दिले. मराठीत मजला, खोली, कपाट, कप्पा, वही असा क्रम आहे, तर इंग्रजीत वही, कप्पा, कपाट, खोली, मजला असा. एकही नाम जागा चुकवत नाही, साखळी पूर्णपणे उलटी होते.

मराठी वाचक सवयीने मोठ्या जागेकडून लहान वस्तूकडे येतो आणि मुख्य नाम शेवटी हाती घेतो. इंग्रजीत मुख्य नाम आधी ठेवावे लागते आणि मग एकेक पायरी बाहेर जावे लागते. हे एकदा पाहिल्यावर शिकणाऱ्यांची साखळी लगेच सुधारली. त्यांना आधी शेवटचे नाम शोधायला सांगायचे, ते कागदावर सर्वांत डावीकडे लिहायला लावायचे आणि मग मराठी वाक्य मागून पुढे वाचत जायचे, एवढीच कृती ठेवली.

दोन बारकावे मात्र इथेच नोंदवतो. पहिला असा की विशेषण उलटत नाही. 'खालचा कप्पा' इंग्रजीतही 'बॉटम शेल्फ' असाच राहतो. काहींनी उत्साहाने तेही उलटवून 'शेल्फ बॉटम' केले, म्हणून सरावाच्या पानावर विशेषण आणि त्याचे नाम यांना एका चौकटीत बांधून दाखवले. दुसरा असा की क्रम उलटला तरी प्रिपोझिशन आपोआप मिळत नाही. आपण 'कप्प्यात' म्हणतो, इंग्रजी 'ऑन द शेल्फ' म्हणते. म्हणून आधी नामांची साखळी उलटी लिहून घ्यायची आणि मधल्या जागा नंतर भरायच्या, असा क्रम ठरवला. दोन्ही गोष्टी एकदम करायला लावल्या की दोन्ही बिघडतात.

१४ जानेवारी

उलट साखळीची पद्धत क्रियापद आत येताच कोलमडली. 'तिने खोलीत टेबलावरची वही वाचली' आणि 'तिने खोलीतल्या टेबलावरची वही वाचली' ही दोन वाक्ये दिली होती. पहिल्यात वाचण्याची क्रिया खोलीत घडली. दुसऱ्यात टेबल खोलीत आहे आणि वाचन कुठे झाले ते सांगितलेलेच नाही. नियम पाळून सगळ्यांनी दोन्हींचे इंग्रजी एकच केले: 'शी रेड द नोटबुक ऑन द टेबल इन द रूम.' व्याकरणाच्या दृष्टीने ते चूक नाही, पण मराठीतल्या दोन वेगळ्या गोष्टी एका इंग्रजी वाक्यात मिसळून गेल्या.

या ठिकाणी पुष्कळ वेळ गेला आणि तो जाणे योग्यच होते, कारण संचाचा खरा गाभा इथेच सापडला. आपली भाषा प्रत्येक तुकडा कशाला जोडला आहे ते शब्दाच्या टोकालाच सांगून टाकते. 'खोलीत' म्हटले की तो क्रियापदाकडे जातो, 'खोलीतला' म्हटले की नामाकडे. 'टेबलावर' आणि 'टेबलावरची', 'मुलांसाठी' आणि 'मुलांसाठीची', 'अपघाताबद्दल' आणि 'अपघाताबद्दलचा' या सगळ्या जोड्यांत तोच फरक आहे. इंग्रजीत 'इन', 'ऑन', 'फॉर', 'अबाउट' यांचे रूप दोन्ही वेळा तेच राहते. 'शी बॉट बुक्स फॉर चिल्ड्रन' या वाक्यात पुस्तके मुलांसाठी लिहिलेली होती की ती मुलांना देण्यासाठी घेतली होती, हे वाक्य स्वतः सांगत नाही. 'विथ' तर आणखी पसरट आहे. 'चमच्याने', 'मित्राबरोबर' आणि 'निळ्या झाकणाची' या तिन्ही ठिकाणी तोच एक शब्द येतो.

म्हणजे मराठीत टोकाला असलेली माहिती इंग्रजीत जागेवरून कळवावी लागते. शिकणाऱ्याला हे उमगले की तो पदबंध नुसते ओळीने लावत नाही. प्रत्येक पदबंध लिहिण्यापूर्वी तो कोणत्या शब्दाला टांगायचा आहे हे विचारतो. त्या शब्दाला आम्ही संचात 'खुंटी' म्हणतो. खुंटी नाम असेल किंवा क्रियापद असेल, पण ती ठरलेली असलीच पाहिजे. सराव आता मराठी वाक्यातल्या 'त' आणि 'तला' यांना खुणा करण्यापासून सुरू होतो, इंग्रजी त्यानंतर येते.

१९ जानेवारी

कागदावर समजलेले हातून होते का, हे पाहण्यासाठी आज वस्तू मांडून प्रयोग केला. टेबलावर एक ट्रे होता आणि त्यात एक रिकामा खोका. ट्रेच्या बाहेर दुसरा खोका, त्यात एक बाटली. आणखी एक बाटली टेबलावर मोकळी उभी. सूचना एकच होती आणि ती कागदावर लिहून दिली: 'पुट द बॉटल इन द बॉक्स ऑन द ट्रे.' एकेकाला वेगळे बोलावले, म्हणजे दुसऱ्याचे पाहून कोणी करणार नाही.

पहिल्या शिकणाऱ्याने मोकळी बाटली उचलली आणि ट्रेमधल्या खोक्यात ठेवली. दुसऱ्याने बाहेरच्या खोक्यातली बाटली काढली आणि ती ट्रेमध्ये, खोक्याच्या शेजारी उभी केली. तिसरी व्यक्ती बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली. मग तिने मोकळी बाटली बाहेरच्या खोक्यात आधीच्या बाटलीशेजारी बसवली आणि तो जड झालेला खोका दोन्ही हातांनी उचलून ट्रेमध्ये आणून ठेवला. चौथ्याने कागद परत केला आणि विचारले, "बाटली कुठली घ्यायची?" माझ्या मते सर्वांत बरोबर उत्तर हेच होते. लिहिणाऱ्याने जे ठरवले नव्हते ते वाचणाऱ्याने ठरवायला नकार दिला.

त्यानंतर तिघांना आपापली कृती मराठीत सांगायला लावली. पहिला म्हणाला, 'ट्रेमधल्या खोक्यात बाटली ठेवली.' दुसरा म्हणाला, 'खोक्यातली बाटली ट्रेमध्ये ठेवली.' फळ्यावर दोन्ही वाक्ये शेजारी लिहिली तेव्हा 'खोक्यात' आणि 'खोक्यातली' यांतला फरक समजावून सांगण्याची गरजच उरली नाही. इतके दिवस तक्ते काढून जे साधले नव्हते ते या प्रयोगाने साधले, म्हणून तो संचाच्या पहिल्या भागात घेतला आहे.

अशाच प्रकारच्या सूचनेवर मायकेल टॅनेनहाउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता, त्याचा इथे उपयोग झाला. 'पुट द ॲपल ऑन द टॉवेल इन द बॉक्स' ही सूचना ऐकताना माणसाची नजर कुठे जाते ते त्यांनी मोजले. समोर एकच सफरचंद असेल तर ऐकणाऱ्याची नजर अनेकदा आधी रिकाम्या टॉवेलकडे वळते, कारण 'ऑन द टॉवेल' हे ठेवण्याचे ठिकाण वाटते. सफरचंदे दोन असतील तर 'ऑन द टॉवेल' हा तुकडा कोणते सफरचंद ते सांगतो असे लगेच धरले जाते. म्हणजे वाचणारा नुसत्या वाक्यावरून ठरवत नाही, समोर काय आहे त्यावरूनही ठरवतो. आमच्या संचातली जी वाक्ये चित्राशिवाय दिली होती त्यांच्या उत्तरांवर शिकणाऱ्यांचे वाद होत होते. आता अशा प्रत्येक वाक्याशेजारी रेखाचित्र देत आहे आणि त्यात वस्तू एक आहे की दोन हे मुद्दाम ठरवून काढत आहे.

२० जानेवारी

पदबंध वाढले की अर्थ किती वाढतात, याचा हिशेब आज करून पाहिला. क्रियापद, कर्म आणि त्यापुढे एक पदबंध असेल तर मांडणीनुसार दोन अर्थ निघतात. दोन पदबंध असतील तर पाच, तीन असतील तर चौदा आणि चार असतील तर बेचाळीस. केनेथ चर्च आणि रमेश पाटील यांनी १९८२ साली संगणकाकडून इंग्रजी वाक्यांची फोड करून घेण्याच्या संदर्भात हीच वाढ दाखवली होती. गणितात या संख्या कॅटलान संख्या म्हणून ओळखल्या जातात.

पाच कसे होतात ते 'शी फोटोग्राफ्ड द गर्ल इन द गार्डन विथ द कॅमेरा' यावर मोजता येते. 'इन द गार्डन' क्रियापदाला टांगला तर 'विथ द कॅमेरा' क्रियापदाला किंवा बागेला टांगता येतो, म्हणजे दोन अर्थ. 'इन द गार्डन' मुलीला टांगला तर 'विथ द कॅमेरा' क्रियापदाला, मुलीला किंवा बागेला टांगता येतो, म्हणजे आणखी तीन. सहावा पर्याय कागदावर काढता येतो, पण त्यात एक रेघ दुसरीला छेदून जाते आणि वाचणारा तसा अर्थ लावत नाही.

संचात हे आकडे देणार नाही. शिकणाऱ्याला ते घाबरवतील. छेदणाऱ्या रेघांची गोष्ट मात्र घेणार आहे.

२७ जानेवारी

खुंट्या दाखवण्यासाठी आधी रंगीत अधोरेखन वापरले होते. एका खुंटीचे सगळे पदबंध एका रंगात, दुसरीचे दुसऱ्या रंगात. दोन पदबंधांपर्यंत ते ठीक दिसते. चौथ्या पदबंधाला रंग पुरत नाहीत, आणि पदबंधातल्या नामालाच पुढचा पदबंध टांगलेला असतो तेव्हा एका शब्दाखाली दोन रंग येतात. छापताना रंग करडे झाले आणि ते पान निरुपयोगी ठरले. ही पद्धत कोणी वापरून पाहू नये.

आता रेघा वापरतो. वाक्य एका ओळीत मोकळे लिहायचे आणि प्रत्येक पदबंधाच्या प्रिपोझिशनपासून निघून डावीकडे त्याच्या खुंटीपर्यंत जाणारी कमान काढायची. कमानी एकमेकींना छेदू नयेत. छेदत असतील तर क्रम बदलायचा. उदाहरण असे: 'शी रोट अ लेटर ऑन मंडे अबाउट द ॲक्सिडेंट'. 'ऑन मंडे' लिहिण्याला टांगला आहे आणि 'अबाउट द ॲक्सिडेंट' पत्राला. दुसरी कमान पहिलीच्या खालून बाहेर पडून तिला छेदते. 'शी रोट अ लेटर अबाउट द ॲक्सिडेंट ऑन मंडे' असे केले की कमानी सुट्या होतात, पण आता अपघात सोमवारी झाला असेही वाचता येते. म्हणून 'ऑन मंडे' वाक्याच्या तोंडाशी न्यायचा: 'ऑन मंडे, शी रोट अ लेटर अबाउट द ॲक्सिडेंट.' तोंडाशी आलेल्या पदबंधाच्या डावीकडे टांगायला नामच नसते, त्यामुळे तो क्रियेकडेच जातो. शेपटीत गर्दी झाली की त्यातला एक तुकडा पुढे काढणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. दोन तुकडे पुढे काढले तर वाक्य सुरू व्हायलाच उशीर होतो, हेही शिकणाऱ्यांच्या लेखनात दिसले, म्हणून मर्यादा एकाची ठेवली.

कमान कुठे न्यायची हे कळत नसेल तर सर्वनामाची चाचणी कामी येते. कर्माच्या जागी 'इट' ठेवून पाहायचे. 'खोक्यातली बाटली' असा अर्थ हवा असेल तर 'द बॉटल इन द बॉक्स' हा सगळा गठ्ठा 'इट' होतो आणि 'पुट इट ऑन द ट्रे' उरते. फक्त बाटली 'इट' झाली तर 'पुट इट इन द बॉक्स ऑन द ट्रे' उरते. सर्वनामाला पदबंध टांगता येत नसल्याने संदिग्धता तिथेच संपते. ही चाचणी शिकणाऱ्यांना आवडली, कारण तिला नियम पाठ लागत नाही.

३ फेब्रुवारी

एकाच क्रियापदाला अनेक पदबंध टांगलेले असतील तर त्यांचा आपसांतला क्रम काय, हा प्रश्न उरला होता. क्रियापदाला ज्याच्यावाचून चालत नाही तो पदबंध जवळ ठेवायचा. 'पुट'ला ठिकाण हवे, 'रिलाय'ला 'ऑन' हवे, 'गो'ला बहुतेक वेळा 'टु' हवे. त्यानंतर कसे, कुठे आणि केव्हा हा क्रम सहसा चालतो. त्यामुळे 'ही वेंट टु द स्टेशन बाय बस आफ्टर लंच' हे सहज वाटते. 'ही वेंट आफ्टर लंच बाय बस टु द स्टेशन' हे मराठीचा क्रम घेऊन आलेले वाटते. याला कायदा म्हणू नये. जोर देण्यासाठी लेखक क्रम बदलतात आणि ते शोभतेही. नवशिक्याला मात्र आधी घरचा रस्ता ठाऊक असावा.

वेळेचे तुकडे वेगळे शिकवावे लागले. आपण 'जून महिन्यात पाच तारखेला सकाळी नऊ वाजता' असे मोठ्याकडून लहानाकडे येतो. इंग्रजी 'ॲट नाइन इन द मॉर्निंग ऑन द फिफ्थ ऑफ जून' असे लहानाकडून मोठ्याकडे जाते. जागेच्या साखळीत जी उलटापालट पाहिली तीच इथे पुन्हा येते, फक्त इथे एक पदबंध दुसऱ्यातल्या नामाला टांगलेला असेलच असे नाही. हे पान करायला फारसा वेळ लागला नाही.

८ फेब्रुवारी

पदबंध नसलेल्या गोष्टींवर शिकणारे कमानी काढत होते, म्हणून आज एक आडवे पान जोडले. 'ही वेंट टु द ऑफिस टु साइन द फॉर्म' यातला पहिला 'टु' पदबंध सुरू करतो. दुसऱ्यापुढे क्रियापद आहे, त्यामुळे तो पदबंध नाही. 'लुक अप द वर्ड इन द डिक्शनरी' यातला 'अप' क्रियापदाचाच भाग आहे, आणि ते 'लुक द वर्ड अप' असे फिरवून पाहिले की कळते. 'नेक्स्ट वीक' आणि 'लास्ट मंडे' यांच्यापुढे प्रिपोझिशन लागतच नाही. 'डिस्कस'नंतर 'अबाउट' येत नाही.

'इन फ्रंट ऑफ', 'ऑन टॉप ऑफ', 'बिकॉज ऑफ' हे दिसायला लांब असले तरी एकेकच प्रिपोझिशन म्हणून मोजायचे. उलट 'फ्रॉम अंडर द बेड' यात दोन प्रिपोझिशन लागून येतात आणि मराठी माणसाला ते अजिबात अवघड जात नाही, कारण 'पलंगाखालून' या शब्दात आपण नेमके तेच करतो. 'दारामागून' म्हणजे 'फ्रॉम बिहाइंड द डोअर'. इथे शिकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच मोकळेपणा दिसला.

१५ फेब्रुवारी

आजचे पान कर्ता आणि क्रियापद यांच्या वचनाचे. मूळ आराखड्यात ते नव्हते. गोळा झालेल्या लेखनात वारंवार दिसलेल्या एका चुकीमुळे ते घालावे लागले. वाक्य असे होते: 'द लिस्ट ऑफ नेम्स ऑन द बॅक ऑफ द फॉर्म्स आर इनकम्प्लीट.' इथे 'इज' हवे, कारण अपूर्ण यादी आहे. व्याकरणाचा हा नियम सगळ्यांना तोंडपाठ होता, तरीही चूक होत होती.

कारण उलट साखळीतच सापडले. मराठीत 'फॉर्मांच्या मागच्या बाजूवरच्या नावांची यादी अपूर्ण आहे' असे म्हणताना 'यादी' क्रियापदाला चिकटून उभी असते, त्यामुळे वचन चुकण्याची शक्यताच नसते. इंग्रजीत मुख्य नाम सर्वांत दूर जाते आणि क्रियापदाशेजारी साखळीतले शेवटचे नाम येऊन बसते. कानाला 'फॉर्म्स' ऐकू येते आणि हात 'आर' लिहून मोकळा होतो. यावर नियम पुन्हा सांगून उपयोग नाही. क्रियापदापासून मागे जाताना प्रत्येक पदबंधावर बोट ठेवून तो झाकायचा आणि उरलेल्या नामाशी वचन जुळवायचे, ही कृती उपयोगी पडली. सरावात आधी दोन, मग तीन, मग चार पदबंध झाकायला दिले आहेत. 'अ नंबर ऑफ फॉर्म्स आर मिसिंग' हे वाक्य या कृतीला बसत नाही, कारण तिथे 'अ नंबर ऑफ' म्हणजे 'काही'. 'द नंबर ऑफ फॉर्म्स इज स्मॉल' मात्र बसते. दोन्ही शेजारी छापली आहेत.

'ऑफ'बद्दल आणखी एक नोंद. 'ऑफ'चा पदबंध शक्यतो आपल्या नामाला अगदी चिकटून येतो आणि मध्ये दुसऱ्याला जागा देत नाही. 'अ स्टुडंट ऑफ फिजिक्स विथ लाँग हेअर' चालते, 'अ स्टुडंट विथ लाँग हेअर ऑफ फिजिक्स' चालत नाही. त्यामुळे साखळी उभी करताना 'ऑफ' आधी बसवला तर पुढची कामे सोपी होतात.

१ मार्च

आज दुरुस्तीचा भाग लिहिला. हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण लिहिणाऱ्याला कामावर जे वाक्य हाती येते ते बहुधा आधीच बिघडलेले असते. संचासाठी एक मराठी सूचना तयार केली: 'सकाळी यंत्र सुरू करण्यापूर्वी दाराशेजारच्या आकड्यावरच्या सळीने पंपामागच्या टाकीतल्या तेलाची पातळी तपासा.' मराठीत ही सूचना एका दमात समजते. 'शेजारच्या', 'वरच्या', 'ने', 'मागच्या', 'तल्या' या प्रत्येक टोकाने आपली खुंटी सांगून ठेवली आहे.

आतापर्यंतचे सगळे नियम पाळून तिचे इंग्रजी असे झाले: 'चेक द लेव्हल ऑफ द ऑइल इन द टँक बिहाइंड द पंप विथ द रॉड ऑन द हुक बाय द डोअर बिफोर द स्टार्ट ऑफ द मशीन इन द मॉर्निंग.' यात नऊ पदबंध आहेत. कमानी काढल्या तर एकही छेदत नाही. क्रमही बरोबर आहे. तरीही वाचणारा 'विथ द रॉड' इथे अडखळतो, कारण सळी असलेला पंप असेही वाचता येते. 'बाय द डोअर बिफोर द स्टार्ट' इथपर्यंत येताना 'चेक' विसरून गेलेले असते. नियम पाळूनही वाक्य वाईट होऊ शकते, हे शिकणाऱ्याला स्पष्ट दाखवणे आवश्यक वाटले.

दुरुस्ती टप्प्याटप्प्याने छापली आहे. 'द लेव्हल ऑफ द ऑइल' याचे 'द ऑइल लेव्हल' केले, एक पदबंध गेला. 'बिफोर द स्टार्ट ऑफ द मशीन' यात क्रिया नामात दडवली आहे. तिला पुन्हा क्रियापद केले की 'बिफोर यू स्टार्ट द मशीन' होते आणि दोन पदबंध गळतात. तो भाग तोंडाशी नेला. सळी घेणे ही स्वतंत्र क्रिया आहे, म्हणून तिला स्वतःचे वाक्य दिले. शेवटी असे झाले: 'बिफोर यू स्टार्ट द मशीन इन द मॉर्निंग, टेक द रॉड फ्रॉम द हुक बाय द डोअर. यूज इट टु चेक द ऑइल लेव्हल इन द टँक बिहाइंड द पंप.' पाच पदबंध उरले आणि कोणत्याही जागी ते दोनाहून अधिक सलग येत नाहीत.

सोबत संच वाचणाऱ्या शिक्षिकांनी एक आक्षेप घेतला आणि तो मान्य करून पान बदलले. दोनच पदबंध सलग ठेवा असा आकडा नियम म्हणून छापला, तर शिकणारा चांगली साखळीही तोडून टाकेल. 'द नोटबुक ऑन द बॉटम शेल्फ ऑफ द कबर्ड इन द रूम ऑन द अपर फ्लोअर' यात चार पदबंध सलग आहेत आणि कुठेही अडखळायला होत नाही, कारण प्रत्येक पदबंधाची खुंटी त्याच्या लगतचे नाम आहे. खरा त्रास लांबीचा नाही. साखळीतला एखादा पदबंध लगतचे नाम सोडून मागच्या खुंटीकडे उडी मारतो तिथे वाचणारा चुकतो. म्हणून आकडा काढला आणि त्याऐवजी उडीची जागा शोधायला लावली. वाक्यात एक उडी असेल तर चालवून घ्यावे, दोन असतील तर एक पदबंध तोंडाशी न्यावा किंवा त्याचे 'दॅट इज' लावून उपवाक्य करावे, तीन असतील तर वाक्य तोडावे, असा सल्ला छापला आहे. वरच्या नऊ पदबंधांच्या वाक्यात अशा दोन उड्या स्पष्ट दिसतात, एक 'विथ' पाशी आणि दुसरी 'बिफोर' पाशी. 'इन द मॉर्निंग' यंत्र ओलांडून 'स्टार्ट'कडे जातो ती तिसरी.

७ मार्च

संचाचा क्रम आता असा आहे: मराठी वाक्यातली टोके ओळखणे, नामांची साखळी उलटवणे, वस्तूंचा प्रयोग, कमानी आणि सर्वनामाची चाचणी, शेपटीतला क्रम, वचन, आणि दुरुस्ती. प्रिपोझिशनांचे नेमके अर्थ कुठेही वेगळे शिकवलेले नाहीत. ते ज्या वाक्यात लागतात तिथेच दिले आहेत. दुरुस्तीच्या भागाला वेळ सर्वांत जास्त लागतो, म्हणून तो एका बैठकीत संपवण्याचा आग्रह धरू नये.

नव्या क्रमाने शिकलेल्या गटाला आज बाटलीची सूचना दिली आणि या वेळी ती पाळायला न सांगता दुरुस्त करायला सांगितली. हाती आलेल्या उत्तरांपैकी 'टेक द बॉटल आउट ऑफ द बॉक्स अँड पुट इट ऑन द ट्रे' आणि 'पुट द बॉटल इन द बॉक्स दॅट इज ऑन द ट्रे' ही दोन उत्तरसूचीत घेतली. ट्रेबाहेरच्या खोक्यात मोकळी बाटली घालून तो खोका ट्रेमध्ये नेण्याचा तिसरा अर्थही एकीने लिहून आणला: 'पुट द लूज बॉटल इन द बॉक्स विथ द अदर बॉटल, अँड देन पुट द बॉक्स ऑन द ट्रे.' यात 'विथ द अदर बॉटल' खोक्याला टांगायचा की 'पुट'ला, यावर गटात चर्चा झाली आणि दोन्ही खुंट्या धरल्या तरी हातून घडणारी कृती एकच राहते असे ठरले. तेही वाक्य सूचीत घेतले आहे.